उलट्या अक्षरांत पोथी लिहायची असेल तर

ताई, तुमचं पत्र लांबलचक आहे, म्हणून तुमचे प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमचं वय पंचेचाळीस, हात उजवा, अक्षर बरं. ज्ञानेश्वरांचा हरिपाठ आरशासमोर धरल्यावर सुलट दिसेल अशा अक्षरांत लिहून काढायचा आहे, आणि तो जमला तर पुढे गीता. हे डावखुऱ्यांनाच जमतं का, रोजचं अक्षर बिघडतं का, घरचे म्हणतात तसा डोक्यावर काही परिणाम होतो का, कागद-पेन कुठलं घ्यावं आणि झाल्यावर ‘रेकॉर्ड’साठी कुठे पाठवावं, असं तुम्ही विचारलंय.

मी मिरजेचा, धंद्यानं बोर्ड पेंटर. दवाखान्यांच्या दारांवरची, सराफांच्या शोकेसवरची, हॉटेलातल्या आरशांवरची नावं काचेच्या मागच्या बाजूनं लिहिण्यात उमर गेली. बाहेरून सुलट दिसायला हवं, म्हणजे आतून उलटं लिहायचं. पोथ्या लिहिण्याचा नाद त्यातूनच लागला. त्यामुळे माझं उत्तर कारागिराचं आहे. ध्यानधारणा, एकाग्रता, मेंदूचे दोन्ही भाग जागे होणं वगैरे माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही.

मुद्द्याचं आधी सांगून टाकतो. उलटं लिहिणं अवघड नाही. रोज अर्धा तास बसलात तर काही आठवड्यांत हात वळायला लागतो. अवघड आहे ते लिहिलेलं तपासणं. उलट्या अक्षरात लिहिलेली म्हणून जी पुस्तकं कौतुकानं दाखवली जातात, त्यातलं एखादं पान आरशासमोर धरून शांतपणे वाचून पाहा. वेलांट्या चुकलेल्या, उकार चुकलेले, अधूनमधून एखादं अक्षर सरळ सुलटच पडलेलं. लिहिणाऱ्याला ते दिसत नाही आणि बघणारे दुरूनच ‘वा’ म्हणतात. आरशात धडपणे वाचता येत नसेल तर ती पोथी कशाला म्हणायची? म्हणून तुमच्या वेळेतला निम्मा वेळ तपासण्यासाठी ठेवा, असा माझा आग्रह आहे.

डावखुरेपणाचं आता. या बाबतीत सगळे लिओनार्दो दा विंचीचं नाव घेतात. तो डावखुरा होता आणि त्याच्या टिपणांची हजारो पानं उजवीकडून डावीकडे, उलट्या अक्षरांत लिहिलेली आहेत. त्यातली एक वही १९९४ मध्ये बिल गेट्सनी तीन कोटी डॉलरहून जास्त किंमत मोजून घेतली. शोध चोरीला जाऊ नयेत म्हणून तो असं लिहायचा, ही गोष्ट शाळेत ऐकवतात. मला ती कधीच पटली नाही. आरसा घेतला की कुणालाही वाचता येतं, असलं कसलं गुपित? ओल्या शाईवरून डावा हात फिरू नये म्हणून, आणि त्या हाताला ती दिशा सोयीची म्हणून तो तसा लिहीत असावा, हे जास्त सरळ वाटतं. दुसऱ्यांनी वाचावं असं काही असलं की तो सुलटच लिहायचा.

डावखुऱ्यांना यात थोडा फायदा आहे तो दिशेचा. बाकी ही शक्ती प्रत्येकाच्या हातात आहे. खात्री करायची असेल तर फळ्यासमोर उभ्या राहा, दोन्ही हातांत खडू घ्या, मधोमध सुरुवात करून दोन्ही हातांनी एकदम ‘कमल’ लिहा, उजवा हात उजवीकडे, डावा डावीकडे. डाव्या हातानं काढलेलं ‘कमल’ वेडंवाकडं असेल, पण उलटं असेल. त्याला कुणी शिकवलेलं नसतं. उजव्या हाताची हालचाल डाव्यात आपोआप अशीच उतरते. दुसरा एक खेळ: टेबलाच्या खालच्या अंगाला कागद चिकटवा आणि वर न बघता खालून, टेबलावर लिहावं तशाच वळणानं, डावीकडून उजवीकडे लिहा. कागद काढून पाहिलात की अक्षर उलटं आलेलं असेल.

लहान मुलं तर शिकताना सर्रास उलटी अक्षरं काढतात. एखादं झाड किंवा वाघ डावीकडून पाहिला काय आणि उजवीकडून पाहिला काय, तो तोच, हे डोळ्यांना जन्मापासून ठाऊक असतं. अक्षरांच्या बाबतीत मात्र बाजू बदलली की अक्षरच बदलतं, हे पुढे शिकावं लागतं. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत हे बहुधा सुटतं. तुम्ही आता जे शिकणार आहात, ती लहानपणी मोडलेली सवय परत आणणं आहे. डोक्याला त्यानं काही होत नाही. माझं रोजचं अक्षर कधी बिघडलं नाही. दोन्ही वळणं वेगवेगळ्या कप्प्यात राहतात. घरच्यांना एवढंच सांगा, की एखाद्या माणसानं न ठरवता अचानक उलटं लिहायला सुरुवात केली, विशेषतः पक्षाघाताच्या झटक्यानंतर डाव्या हातानं, तर ती वेगळी गोष्ट आहे आणि ती डॉक्टरांना दाखवायची.

उजव्या हातानंच लिहा. डाव्यानं आकार लवकर जमतो, पण रेघ थरथरते, आणि आख्खी पोथी त्या रेघेत बघवत नाही. उजव्या हातानं उलटं लिहिताना अडचण एकच, जी डावखुऱ्यांना रोज असते: हात पुढे सरकतो तो नुकत्याच लिहिलेल्या ओळीवरूनच. शाई फासते आणि लिहिलेला शब्द हाताखाली झाकला जातो. उपाय साधा आहे. मनगट ओळीच्या खाली ठेवा आणि हाताखाली एक टीपकागद सरकवत न्या. मनगट वळवून ओळीच्या वरून लिहिण्याची सवय लावून घेऊ नका. पहिले काही दिवस बरं वाटतं, मग खांदा धरतो.

आता कित्ता. सुरुवातीला मनात अक्षर उलटवून लिहायचा प्रयत्न करू नका, त्यानं डोकं शिणतं आणि हात काहीच शिकत नाही. ट्रेसिंग पेपरवर काळ्या पेननं, मोठ्या अक्षरांत, सुलट बाराखडी लिहा. कागद पालथा घाला. तुमच्याच वळणाचा उलटा कित्ता तयार झाला. त्यावर दुसरा कागद ठेवून गिरवा. छापील अक्षर उलटवून गिरवण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण वळण तुमचंच राहतं. एक अक्षर घोटून झालं की लगेच शब्द, शब्द झाला की ओळ. सुटी अक्षरं पाठ होऊनही शब्द लिहिताना हात अडखळतो, तो जोडणीत. काना आता अक्षराच्या डाव्या अंगाला येतो, म्हणजे तुमच्या लिहिण्याच्या दिशेनं तो नेहमीसारखाच शेवटी येतो. हे एकदा हाताला कळलं की ग, त, न, म, प ही सगळी काना असलेली अक्षरं भराभर जमतात. क आणि फ मध्ये दांडा मधे असतो. तिथे दोन्हीकडचे गोल अदलाबदल होतात आणि हीच दोन अक्षरं सगळ्यात जास्त वेळा नकळत सुलट पडतात.

शिरोरेषेसाठी मोडीवाल्यांची युक्ती उचला. मोडी लिहिताना आधी कागदभर आडव्या रेघा ओढून घेत आणि मग अक्षरं त्यांना टांगत जात. तुम्हीही पेन्सिलीनं फिक्या रेघा आखून घ्या, अक्षरं टांगा आणि शब्द पुरा झाला की शाईची शिरोरेषा उजवीकडून डावीकडे ओढा. ध आणि भ वर ती तोडायची असते हे लक्षात ठेवा. उलट्या धांदलीत ध चा घ होतो, भ चा म होतो.

इथपर्यंत सगळं हाताचं काम झालं. डोळ्याची फसवणूक पुढे आहे, आणि मघाशी म्हटलं ते ‘तपासणं’ इथेच येतं.

देवनागरीत काही खुणा अशा आहेत की एकीला आरसा दाखवला की ती दुसरीसारखी दिसते. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे, दुसरी उजवीकडे. उलट्या अक्षरांत पहिली वेलांटी उजवीकडे जाते आणि डोळा तिला दुसरी म्हणून वाचतो. पहिला उकार उलटला की दुसऱ्या उकाराच्या वळणावर जातो. हलन्ताची पायमोड उजवीकडे खाली उतरते, रकाराची तिरकी रेघ डावीकडे खाली. आरशात दोघांची अदलाबदल. आकड्यांत ३ आणि ६ एकमेकांची प्रतिबिंबंच म्हणावीत अशी. म्हणजे रोमन लिपीत लहान बी आणि लहान डी या जोडीवरून पोरांचा जो गोंधळ होतो, तो आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घात होतो, आणि ऱ्हस्व-दीर्घ तर ओळीओळीत असतात.

हरिपाठाची पहिलीच ओळ घ्या: ‘देवाचिये द्वारी उभा क्षणभरी, तेणे मुक्ति चारी साधियेल्या.’ चि, क्ति, धि या ऱ्हस्व. द्वारी, भरी, चारी यातली री दीर्घ. उलटं लिहिताना ‘चि’ची वेलांटी च च्या उजवीकडे आली की डोळा म्हणतो, ही तर ‘ची’ झाली, आणि हात लगेच ती ‘दुरुस्त’ करायला धावतो. दुरुस्त केलीत की चुकलात. पुढे ‘हरि मुखे म्हणा’मध्ये तर गंमत अशी की ‘हरि’चा ‘हरी’ झाला तरी वाचणाऱ्याला खटकत नाही, कारण आजच्या शुद्धलेखनात तो दीर्घच लिहितात. जी चूक खटकत नाही ती सापडत नाही.

गीतेत हलन्ताचा त्रास सुरू होतो. पहिल्या अध्यायातला दुसराच श्लोक ‘वचनमब्रवीत्’वर संपतो. त्या एका शब्दात ब्र चा रकार आहे आणि शेवटी त् चा पाय मोडलेला. उलट्या पानावर ब्र ची रेघ हलन्तासारखी दिसणार आणि त् चा हलन्त रकारासारखा. हा शब्द नीट लिहून, आरशात नीट वाचता आला की गीता लिहायला घ्यायला हरकत नाही. तोवर हरिपाठच बरा.

म्हणून माझा नियम: वेलांटी, उकार, हलन्त, रकार यांच्याबाबतीत उलट्या पानाकडे बघून काही ठरवायचं नाही. मूळ प्रतीत बघायचं, ‘पहिली’ असं ओठात म्हणायचं आणि लिहायचं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची, दुसरी नंतर. हा क्रम दिशा बदलली तरी बदलत नाही. क्रमावर विश्वास ठेवा, दिसण्यावर ठेवू नका. पाठ असलेला मजकूर घ्यावा का, असंही तुम्ही मध्येच विचारलंय. घ्या, त्यानं वेग येतो. पण पाठ असलं की माणूस मूळ प्रतीकडे बघतच नाही, म्हणून प्रत डोळ्यांसमोर उघडी हवीच.

तपासायच्या तीन तऱ्हा आहेत. पहिली, पान आरशासमोर धरून मोठ्यानं वाचणं. दुसरी, कागद पातळ असेल तर पान पालथं करून खिडकीच्या काचेला लावणं. मागून ते सुलट दिसतं, आणि ही तऱ्हा मला आरशापेक्षा आवडते, कारण दोन्ही हात मोकळे राहतात आणि चुकीच्या जागी पेन्सिलीची खूण करता येते. तिसरी आजकालची: फोनचा सेल्फी कॅमेरा लावून पान समोर धरा, स्क्रीनवर ते आरशातल्यासारखं सुलट दिसतं. फोटो काढून तो आडवा उलटवण्याची सोयही फोनमध्ये असते. पण फोटो नंतर बघू म्हणून राहून जातात, त्यापेक्षा खिडकी बरी. शिवाय निदान एकदा तरी दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. तुम्ही मूळ प्रत बघत राहा, त्यानं आरशातलं वाचावं. पूर्वी पोथी लिहिणारे शेवटी एक श्लोक टाकायचे, ‘यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया’, म्हणजे समोरच्या प्रतीत जसं दिसलं तसं मी लिहिलं, शुद्ध-अशुद्धाचा दोष माझा नाही. त्यांना ही सवलत होती. उलट्या पोथीत चूक कुणाची, हे मात्र लगेच कळतं.

थोडं विषयांतर करतो, पण ते मिरजेच्या माणसाला केल्याशिवाय राहवत नाही. उलट्या अक्षरातली गीता म्हटली की हल्ली उत्तर प्रदेशातल्या दादरीच्या पीयूष गोयल यांचं नाव येतं. त्यांनी गीता उलट्या अक्षरांत लिहिली, ‘मधुशाला’ सुईनं टोचून लिहिली, ‘गीतांजली’ मेहंदीच्या कोनानं. चिकाटी मानलीच पाहिजे. पण आमच्या गावात गीता उलटी कोरली गेली ती १८०५ मध्ये. पुण्यात इंग्रजांचा वकील, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला दूत, मॅलेट होता त्या काळात तिथल्या एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर कोरण्याची विद्या शिकवली गेली. नाना फडणवीसांच्या मनात गीता छापून घ्यायचं होतं. १८०० मध्ये नाना गेले. मग हे काम मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानं पुरं झालं. तांब्याच्या पत्र्यावरचं छापायचं म्हणजे पत्र्यावर अक्षर उलटं कोरावं लागतं, तेव्हाच कागदावर सुलट उमटतं. सातशे श्लोक, तांब्यात, उलटे. कागदावर चुकलं तर पान फाडता येतं. तांब्यात चुकलं तर तेवढा भाग मागून ठोकून वर आणायचा, घासून सपाट करायचा आणि परत कोरायचा. त्या कारागिराला कुणी रेकॉर्ड दिलं नाही, त्याचं ते काम होतं.

त्याहून जुनं एक उदाहरण आहे. १६७८ मध्ये अॅमस्टरडॅमला ‘होर्तुस मलबारिकुस’ या वनस्पतींच्या ग्रंथाचा पहिला खंड छापला गेला. त्यात कोचीनच्या रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट या कोकणी वैद्यांचं देवनागरीतलं कोकणी प्रमाणपत्र आहे. तेही कोरूनच छापलेलं. ज्यानं कोरलं त्याला देवनागरीचं एक अक्षर येत नसणार, त्याच्या लेखी ती नुसती नक्षी. कधीकधी वाटतं, तोच सुखी. ऱ्हस्व की दीर्घ हा प्रश्न त्याला पडलाच नसेल. समोर जे दिसलं त्याचं हुबेहूब प्रतिबिंब काढलं की झालं. तुम्हालाही एखादा शब्द फार छळायला लागला तर तेवढ्यापुरतं मराठी विसरा आणि त्याचं नुसतं चित्र बघा. मी अजून करतो.

मग शिळाछाप आली, दगडावरची. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कसब शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत स्वतःचा शिळाप्रेस काढला आणि मराठीतलं पहिलं छापील पंचांगही काढलं. दगडावर थेट लिहायचं तर तेलकट शाईनं उलटंच लिहायला हवं. पुढे खास लेप दिलेल्या कागदावर सुलट लिहून ते दगडावर उतरवायची सोय झाली, आणि लेखनिकांचा जीव भांड्यात पडला असणार. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छापखान्यातला ती अक्षरं जुळवणारा कंपोझिटर मात्र अगदी परवापरवापर्यंत रोज उलटी अक्षरं वाचत होता. तो खिळे स्टिक नावाच्या हातातल्या पट्टीत डावीकडून उजवीकडेच लावायचा, पण डोक्यावर उभे करून. म्हणून त्याला ओळ नेहमीच्या दिशेनं वाचता यायची. एखादा जुना कंपोझिटर तुमच्या ओळखीत असेल तर त्याला तुमचं पान दाखवा. कागद फिरवून धरेल आणि धडाधडा वाचून चुका काढेल. असा तपासनीस मिळाला तर आरसा नको.

आणखी एक जमात रोज उलटं लिहिते, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. अंध शाळेतली मुलं ब्रेल पाटीवर टोच्यानं लिहितात ती उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षराचे ठिपके उलटवून. कागद पालथा केला की उठाव वर येतो आणि बोटांनी डावीकडून उजवीकडे वाचता येतो. ब्रेलमध्ये इ आणि ए ही एकमेकांची प्रतिबिंबं आहेत, तरी पहिली-दुसरीतली पोरं ते सांभाळतात. सुईनं पुस्तक लिहायचं मनात आलं तर रीत तीच: मागून उलटं टोचायचं, पुढून सुलट वाचायचं. त्या पुस्तकाला आरसा लागतच नाही.

सामानाकडे वळतो. पेन जेल घेऊ नका, ते सुकेपर्यंत तुमचा हात त्यावरून गेलेला असतो. चांगलं बॉलपेन चालेल. तुम्हाला बोरूचं किंवा कट निबचं अक्षर हवं असेल तर एक बारकावा आहे. देवनागरीसाठी टोक ज्या तिरकेपणानं कापतात, उलट्या अक्षराला त्याच्या बरोबर विरुद्ध काप लागतो, नाहीतर जाड-बारीक रेघा भलत्या जागी पडतात आणि आरशात अक्षर परकं दिसतं. रोमन अक्षरांसाठी कापलेली निब नेमकी उलट कापाची असते. उलट्या देवनागरीला ती छान चालते. दुकानदाराला हे सांगितलंत तर तो तुमच्याकडे बघत राहील. बघू द्या.

कागद सरावाला पातळ घ्या, म्हणजे खिडकीवर तपासता येईल. पक्क्या प्रतीलाही मी एकाच बाजूनं लिहायला सांगेन. दोन्ही बाजूंनी लिहायचं तर कागद जाड लागतो, आणि मग खिडकीची सोय जाते. वही बांधलेली घेऊ नका. सुटी पानं लिहा, चुकलेलं पान काढून टाकता येतं, आणि शेवटी बांधून घ्या. बांधताना शिवण उजवीकडे घ्यायला सांगा, उर्दू पुस्तकाची असते तशी. उलट्या पुस्तकाची पानंही उलट दिशेनं उलटायला हवीत, नाहीतर आरशात पुस्तक शेवटाकडून सुरू होतं. बरेच जण आतली अक्षरं उलटी लिहितात आणि बांधणी नेहमीसारखी करतात. मला ते अर्धवट वाटतं. पानांचे आकडे आणि अभंगांचे आकडेही उलटेच हवेत. ३ आणि ६ ची गोष्ट वर सांगितलीच आहे. तेरावा अभंग सोळावा दिसायला नको.

वाचणाऱ्यासाठी आरसा द्यायचा असेल तर तो पुस्तकाच्या कडेला, समासालगत उभा ठेवायचा. वरच्या कडेला ठेवलात तर अक्षरं डोक्यावर उलटी दिसतील. आरशाला पुस्तक दाखवल्यासारखं समोर धरणं सगळ्यात सोपं, पण पानभर वाचेपर्यंत हात दुखतात.

काचेवर लिहायची हौस तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिली आहे, म्हणून दोन ओळी. काचेवर मागून लिहिताना फक्त डावं-उजवं उलटत नाही, आधी आणि नंतरही उलटतं. भिंतीवरच्या बोर्डाला आधी जमीन, म्हणजे अक्षरामागचा रंग, रंगवायची, मग अक्षर, मग शेड, शेवटी बारीक आउटलाइन आणि चमक. काचेवर चमक आणि आउटलाइन आधी, मग अक्षराचा रंग किंवा सोन्याचा वर्ख, मग शेड, आणि जमीन सगळ्यात शेवटी. पहिला हात मारला तोच बघणाऱ्याला दिसणार, वर कितीही रंग चढवलात तरी तो झाकता येत नाही. वर्ख जिलेटीनच्या पातळ पाण्यानं बसवतात. जिलेटीन जास्त झालं की डाग राहतात. आता विनाइलच्या स्टिकरनं हे काम जवळजवळ संपवलंय. रुग्णवाहिकेच्या तोंडावर पुढच्या गाडीच्या आरशासाठी उलटं नाव असतं, तेही आता कापून चिकटवलेलं येतं. संगणक एका बटणात उलटवतो आणि वेलांटी चुकत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही, पण हातानं काढलेल्या उलट्या अक्षराला जे वळण असतं ते बटणाला येत नाही, हेही खरं.

रेकॉर्डचं म्हणाल तर अशी प्रमाणपत्रं देणाऱ्या बऱ्याच संस्था आहेत आणि त्यातल्या काही फी घेऊन देतात. तुमची पोथी आरशात कुणीतरी वाचून बघतं का, एवढंच त्यांना विचारा. नुसती पानं मोजणार असतील तर तुमचे पैसे तुमच्याकडेच बरे.

सुरुवात अशी करा. पहिला महिना कित्ता आणि हरिपाठाचा फक्त पहिला अभंग, पुन्हा पुन्हा, जोवर तो आरशात एकही चूक न होता वाचता येत नाही तोवर. मग दिवसाला एकच अभंग, लिहिल्या दिवशी एकदा तपासायचा आणि दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी परत. संध्याकाळी दमून लिहायला बसू नका, उलट-सुलट मिसळतं ते दमल्यावरच. सगळे अभंग झाले की शेवटचं एक पान सुलट अक्षरांत लिहा: कुठल्या छापील प्रतीवरून उतरवलं, कधी सुरू केलं, कधी संपवलं, वाचून कुणी तपासलं. आरसा हाताशी नसलेल्या माणसाला निदान तेवढं तरी वाचता यायला हवं. पहिल्या अभंगाचं पान तयार झालं की त्याचा फोटो पाठवा, पण न उलटवता. मी इथल्या खिडकीवर लावून बघतो.